बाजरीचं वजन: एका कॉकटेल पक्ष्याच्या आजाराचं निदान

बाजरीच्या वहीचं पहिलं पान लेकीच्या अक्षरात आहे. "15 डिसेंबर. वजन 79 ग्रॅम. खूप गोड आहे." पुढची पानं माझ्या अक्षरात आहेत. रोज सकाळचं वजन, शिटेचा रंग, किती खाल्लं, ओकली का, झोपली किती. हे सगळं त्या वहीवरून लिहिते आहे. आमच्या सोलापुरात आता घरोघरी कॉकटेल, बजी, लव्हबर्ड असे छोटे पोपट आलेत, पण पक्षी रोज तपासणारा डॉक्टर शोधावा लागतो. तो सापडेपर्यंत 80-90 ग्रॅमच्या जिवाकडे फार दिवस नसतात. अशा वेळी घरच्यांनी काय बघावं, काय टिपून ठेवावं, हे आम्ही ज्या रस्त्याने शिकलो तो सगळा रस्ता मांडते.

मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 14 वर्षं झाली. माणसांचं रक्त, लघवी, थुंकी, शौच हेच दिवसभर. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. घरी सासूबाई, त्यांना दमा आहे. आणि सातवीतली लेक, जिच्या हट्टापायी पक्षी आला.

बाजरी म्हणजे कॉकटेल, काकाकुआच्या कुळातला ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. बाजरीच्या भाकरीसारखा करडा रंग, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. आपला हिरवा राघू पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आम्ही कॉकटेल घेतला. हे मुद्दाम लिहिते, कारण पिंजऱ्यात राघू असलेली माणसं भीतीपोटी तो आजारी पडला तरी डॉक्टरकडे नेत नाहीत, आणि तो पक्षी मुकाट्याने मरतो. राघू घरी असेल तर वन विभागाच्या ताब्यात द्यावा. त्याला उपचार मिळण्याची ती एक वाट आहे.

आणली तेव्हा बाजरी साधारण आठ आठवड्यांची होती. विकणाऱ्याकडे कॉकटेलची पिल्लं आणि बजी एकाच मोठ्या पिंजऱ्यात होती, हे मी तेव्हा पाहिलं आणि विसरले. ते पुढे आठवावं लागलं.

सुरुवातीचा महिना छान गेला. 12 जानेवारीला वजन 91 ग्रॅम. गड्ड्याची यात्रा सुरू झाली होती, घरी पाहुणे होते, बाजरी प्रत्येकाच्या खांद्यावर बसून येत होती. ते 91 हे त्या हिवाळ्यातलं तिचं सगळ्यात जास्त वजन.

घसरण सुरू झाली आणि त्याच वेळी माझ्या हातून एक चूक झाली. दोन्ही एकमेकांत इतक्या गुंतल्या की पुढचे दहा दिवस आम्ही चुकीच्या दिशेने गेलो. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता होते, हे मी वाचलं होतं आणि ते खरं आहे. म्हणून 20 जानेवारीला राळं आणि सूर्यफूल एकदम बंद करून पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार खाण्याच्या गोळ्या, सुरू केले. असं एका दिवसात कधी करू नये. पक्षी नव्या खाण्याला अन्न समजतच नाही, भरल्या वाटीपुढे उपाशी राहतो. बदल काही आठवड्यांत, रोज वजन करत करायचा असतो. 23 तारखेला 88, 27 ला 84. पेलेटमुळेच झालं असं धरून मी त्याच दिवशी दाणे परत दिले. बाजरी वाटीवर तुटून पडली. आम्ही निर्धास्त झालो.

1 फेब्रुवारीला वजन 81.

खाणारा पक्षी वाळतो कसा

इथून प्रकरण कोड्यात शिरलं. दिवसभर वाटीशी बसलेली बाजरी. सासूबाई म्हणायच्या, "खातीय की गं, मग काळजी कसली?" वाटीत टरफलांचा ढीग. शिटाही भरपूर. पण छातीवरून बोट फिरवलं की मधलं हाड विळ्याच्या पात्यासारखं हाताला लागायचं. धडधाकट पक्ष्याच्या त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांसल भर असते, नुसती कडा जाणवते. पिसांमुळे हे डोळ्यांना अजिबात दिसत नाही. पक्षी गुबगुबीतच दिसतो, किंबहुना आजारी पक्षी पिसं फुगवून बसतो म्हणून जास्तच गुबगुबीत दिसतो. त्यामुळे वजन हीच खरी खूण. सकाळची पहिली मोठी शीट झाल्यावर, खाण्याआधी, रोज त्याच काट्यावर. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. दहा टक्के वजन गेलं की थांबायचं नाही, हा नियम मला नंतर कळला. आम्ही तो 1 फेब्रुवारीलाच ओलांडला होता.

2 फेब्रुवारीला गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. ते मुख्यतः गुरं आणि कुत्री बघतात. चोचीत पाहिलं, पोट चाचपलं, वजन केलं नाही. "इन्फेक्शन दिसतंय" म्हणाले, पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक आणि जीवनसत्त्वाचे थेंब दिले. माणूस चांगला, मनापासून बघणारा. पण कॉकटेल कोरड्या प्रदेशातला पक्षी, पाणी मुळातच कमी पितो. पाण्यात औषध घातलं की चव बदलते आणि आणखी कमी पितो. पोटात औषध किती गेलं याचा हिशेबच लागत नाही. सात दिवसांनी, 9 तारखेला, वजन 78.

तोवर वहीत दोन नव्या नोंदी आल्या होत्या. पहिली लेकीने पकडली: "आई, शिटेत दाणा आहे." पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राऐवजी पांढरा कागद घालायला लागलो होतो, म्हणून दिसलं. पक्ष्याच्या शिटेत तीन गोष्टी असतात: हिरवट-तपकिरी गुंडाळी ही विष्ठा, पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरेट, आणि भोवतीचं ओलं वर्तुळ ही लघवी. बाजरीच्या हिरव्या गुंडाळीत राळ्याचा अख्खा, सोललेला, पिवळा दाणा होता. सुईने उचलून तळहातावर घेतला तर वाटीतल्या दाण्यासारखाच टणक. अख्ख्या पोटातून जाऊन तो तसाच्या तसा बाहेर आला होता.

दुसरी नोंद टरफलांची. मी सकाळी वाटी वजन करून ठेवली, रात्री टरफलं फुंकून उरलेलं वजन केलं. खालच्या ताटलीत पडलेले दाणेही गोळा केले. बाजरी दिवसभर दाणे सोलत होती, चोचीत घोळवत होती आणि त्यांतले कितीतरी टाकून देत होती. गिळत होती ते फार थोडं. खाणं आणि खाण्यासारखं दिसणं यांत केवढा फरक असतो, ते त्या रात्री ताटलीतल्या दाण्यांनी दाखवलं.

माझी पहिली स्लाइड

8 फेब्रुवारीला मी शीट लॅबमध्ये नेली होती. सर म्हणाले, बघ तुझं तू, काम संपल्यावर. आदल्या संध्याकाळची शीट, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलेली. माणसांच्या सवयीने एक ग्राम स्टेन, म्हणजे जिवाणू ओळखण्यासाठी रंगवलेली स्लाइड, केली आणि एक सलाइनची ओली स्लाइड केली. जंतांची अंडी नाहीत. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी नाही. यीस्टच्या, म्हणजे एकपेशी बुरशीच्या, कळ्या म्हणाव्यात अशा नाहीत. ओल्या स्लाइडवर काही सरळ, रंगहीन काड्या दिसल्या. न हलणाऱ्या. वहीत मी लिहिलं: "कापसाचे तंतू, 2-3. बाकी नॉर्मल."

तंतू का लिहिलं? कारण आमच्या घरात टॉवेल आहेत. कारखान्यातले सेकंड क्वालिटीचे टॉवेल पिंजऱ्यावर रात्री झाकायला, तळाशी अंथरायला, बाजरीला अंघोळीनंतर पुसायला. ती टेरीच्या फासांत चोच घालून धागे ओढायची. त्यामुळे शिटेत कापूस असणारच, हे उत्तर माझ्या डोक्यात स्लाइड लावण्याआधीच तयार होतं.

आणि त्याच उत्तराने पुढचा आठवडा खाल्ला. धागे क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत, अडकून गोळा झाला असेल, म्हणून अन्न पुढे सरकत नसेल, असं मला वाटू लागलं. असं होतं, पक्ष्यांत धाग्यांचे गोळे अडकतात, आणि टेरीच्या फासात नखं अडकून पाय मुरगळतो तो वेगळाच. टॉवेल त्या दिवसापासून बंद केले ते आजही बंद आहेत. पण क्रॉप चाचपलं तर मऊ होतं आणि सकाळी रिकामं होत होतं. गोळा असता तर ते रिकामं झालं नसतं.

शेजारच्या अक्कांचंही मनाला लागून राहिलं. त्या गॅलरीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, बाजरी दोनदा त्यांच्या सुपाच्या काठावर जाऊन बसली होती. अक्का रडवेल्या झाल्या, "माझ्या तंबाखूने तर नाही ना झालं?" निकोटीन पक्ष्याला घातक आहे, यात शंका नाही. पण ती विषबाधा तासा-दोन तासांत दिसते: थरथर, धाप, झटके. तीन आठवडे हळूहळू वाळणं तसं नसतं. मी अक्कांना हे समजावून सांगितलं. सूप मात्र त्यांनी तेव्हापासून आत नेलं.

15 तारखेला बाजरी ओकली. डोकं झटकलं आणि तुऱ्याला चिकट राळं लागलं. वजन 74. त्या रात्री कुणाला झोप नव्हती. खोक्याच्या एका बाजूला 60 वॅटचा दिवा लावून, मध्ये थर्मामीटर ठेवून आतली हवा 29-30 अंशांवर ठेवली, दुसरी बाजू गार, म्हणजे उकडलं तर तिला सरकता यावं. आजारी पक्ष्याची बरीच ताकद अंग गरम ठेवण्यात जाते. सोलापूरचं ऊन दिवसा चढलं तरी फेब्रुवारीच्या पहाटे गारवा असतो.

पुणं

18 फेब्रुवारीला भाच्याच्या गाडीने पुण्याला, फक्त पक्षी आणि लहान प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे. अडीचशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं, पलीकडे रोहितांचा गुलाबी पट्टा. लेक खिडकीला चिकटून होती, पण मांडीवरच्या खोक्यावरचा हात तिने काढला नाही. निघताना पिंजऱ्यातला रात्रीचा कागद तसाच घडी करून घेतला होता, आणि वही. डॉक्टरांनी आधी वही मागितली. पंधरा मिनिटं शांतपणे वाचली. मग विचारलं, "तुमचा पक्षी कुठे, कुणाबरोबर वाढला?" दोन महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, मीही स्वतःला नाही. एका पिंजऱ्यातल्या बजी आठवल्या.

वजन 71. सर्वाधिक वजनाच्या 22 टक्के गेलं होतं.

त्यांनी शक्यता बोलून दाखवल्या. दाणे न पचता बाहेर येतात म्हणजे दोष जठरात. पक्ष्याचं जठर दोन भागांचं: आधी आम्ल सोडणारं ग्रंथीचं जठर, मग दळणारं स्नायूंचं, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तो पेटा. पोपटाला दात नाहीत, दळण पेट्यात होतं. तिथे बिघाड कशाने होईल? पिंजऱ्याच्या जस्ताच्या मुलाम्याने किंवा शिशाच्या तुकड्याने विषबाधा. बोर्ना विषाणू, जो जठराच्या नसा निकामी करतो आणि ज्यावर खात्रीचा इलाज नाही. क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूचा आजार, जो माणसांनाही होतो आणि ज्याने न्युमोनिया होतो. किंवा जठरातलं यीस्ट. हे सांगताना त्यांनी कुठल्याच नावाला झुकतं माप दिलं नाही.

गुंगीचा वायू देऊन एक्स-रे काढला. धातूचा कण नाही. ग्रंथीचं जठर मात्र फुगलेलं. रक्त 0.3 मिलीलीटर काढलं. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त एका वेळी काढायचं नसतं, बाजरीसाठी ती मर्यादा 0.7 मिलीलीटर, आणि ती तर अशक्त. माझ्या टेबलावर रोज 3-5 मिलीलीटरच्या ट्यूब येतात, त्या सिरिंजकडे बघून मला गलबलून आलं. मी विचारलं, आमच्या मशीनवर लावू का काउंट? त्या हसल्या नाहीत, नीट सांगितलं: पक्ष्याच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजेल. मोजणी डोळ्यांनीच करायची.

मग ताजी शीट. बाजरीने तपासणीच्या टेबलावरच केली. डॉक्टरांनी ती सलाइनमध्ये कालवली, अर्धा मिनिट जड गाळ खाली बसू दिला आणि वरच्या थराचा थेंब स्लाइडवर घेतला. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारं भिंग, खाली उतरवला. 10 च्या भिंगाखाली शोधलं, 40 वर नेलं. मग खुर्ची सोडून मला म्हणाल्या, "तुम्ही बघा. तुमच्या वहीतले तंतू हेच का?"

हेच होते. पण आता तीन नव्हते, नजर फिरेल तिथे होते. सरळ, ताठ, टोकांना गोलसर, काचेच्या काड्यांसारखे. त्यांनी आयपीसमधली मोजपट्टी दाखवली. लांबी 40-50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जाडी जेमतेम 3. कापसाचा तंतू 10 ते 20 मायक्रॉन रुंद असतो आणि रिबिनीसारखा पिळलेला असतो. रोज 7 मायक्रॉनच्या तांबड्या पेशी पाहणाऱ्या माझ्या डोळ्यांना जाडीतला हा फरक पहिल्याच दिवशी कळायला हवा होता. मी मोजलं नव्हतं, कारण ते काय आहे हे मी आधीच ठरवलं होतं.

मॅक्रोर्‍हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर. एके काळी त्याच्या आकारामुळे त्याला महाकाय जिवाणू समजून 'मेगाबॅक्टेरिया' म्हणत. 2003 मध्ये ते जिवाणू नसून बुरशीच्या कुळातलं यीस्ट आहे हे पक्कं झालं. ते दोन जठरांच्या जोडावर राहतं, तिथलं अस्तर बिघडवतं, दळण नीट होत नाही. बजींमध्ये फार आढळतं, कॉकटेल आणि लव्हबर्डमध्येही. शिटेतून दाण्यापाण्यात आणि आईबापांच्या चोचीतून पिल्लांत जातं. पाण्यातून दिलेलं अँटिबायोटिक यावर चालणारच नव्हतं, ते जिवाणूंचं औषध.

मला वाटलं, संपलं, निदान झालं. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. हे धडधाकट पक्ष्यांच्या पोटातही सापडतं. सापडलं म्हणजे आजार याच्यामुळेच, असं नाही." परतीच्या वाटेवर मी याच वाक्याचा विचार करत होते. आमच्या लॅबमध्ये रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' छापलं की आमचं काम संपतं. इथे पॉझिटिव्ह हा पुराव्यांतला एक पुरावा होता. बाजूने काय होतं: संख्या प्रचंड, पक्षी कोवळ्या वयाचा, खाऊन वाळणं, अख्खे दाणे, फुगलेलं जठर, बजींचा शेजार. विरुद्ध काय होतं: असंच चित्र बोर्ना विषाणूही उभं करतो, आणि जिवंतपणी त्याला नक्की नाकारणं अवघड. मानेला झटके, तोल जाणं अशी नसांची लक्षणं बाजरीत नव्हती, तेवढाच दिलासा. शेवटचा पुरावा उपचार देणार होता. यीस्टच्या औषधाने वजन चढलं तर निदान बळकट, नाही चढलं तर नव्याने शोध. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं: "संभाव्य निदान."

क्लॅमिडियासाठी घशाचे आणि शिटेचे नमुने पीसीआरला गेले. रिपोर्ट येईपर्यंत घरात शिस्त: पिंजरा साफ करताना मास्क, कागद आधी पाण्याने ओला करून मगच उचलायचा म्हणजे धूळ उडत नाही, सासूबाईंनी त्या खोलीत यायचं नाही. त्यांचा दमा पाहता हे आम्ही आजार दिसल्या दिवसापासूनच करायला हवं होतं. 24 तारखेला रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी बजावलं की एका निगेटिव्हवर कायमचं निश्चिंत व्हायचं नाही, पण लक्षणं जुळत नसताना आणि यीस्ट एवढं दिसत असताना सध्या पुरे.

पिवळं औषध

औषध ॲम्फोटेरिसिन बी. नाव ऐकताच अंगावर काटा आला. 2021 च्या मे-जूनमध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी याच इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन माणसं राज्यभर वणवण फिरत होती. आमच्या लॅबच्या काउंटरवर उभं राहून लोकांनी मला विचारलं होतं, ताई, कुठे मिळेल. तेच पिवळं औषध आता 71 ग्रॅमच्या पक्ष्याच्या चोचीत थेंबाने द्यायचं होतं. तोंडावाटे दिलं की ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही, जठराच्या अस्तराला लागूनच काम करतं. म्हणून दर बारा तासांनी, न चुकता. किती द्यायचं ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते वजनावर ठरतं, वजन रोज बदलतं, आणि एवढ्याशा जिवात मोजण्यातली चूक जिवावर बेतते. व्हिनेगर पाण्यात घालायचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. वाळत चाललेल्या पक्ष्याला व्हिनेगरवर ठेवून दिवस घालवू नयेत, एवढंच म्हणेन.

सोबत मऊ, पचायला हलकं खाणं. पिल्लांची पेज पुन्हा सुरू केली, चमच्याने, दिवसातून चारदा. मी कामावर असताना दुपारची पेज अक्का द्यायला यायच्या, हात धुऊन, पदर बदलून. त्यांचा तो विड्या वळणारा हात फार स्थिर आहे. चमचा कधी हलला नाही.

पहिले चार दिवस वजन खालीच. 22 ला 70. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता वही उघडायची. 25 ला 72. मी काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा पाहिलं. 28 ला 74, आणि त्या दिवशी पांढऱ्या कागदावर एकही अख्खा दाणा नव्हता. 4 मार्चला, चौदा दिवसांनी, 78. डॉक्टरांनी फोनवर औषध आणखी चौदा दिवस वाढवलं. 18 मार्चला 85. पुण्यात पुन्हा एक्स-रे झाला, जठर आक्रसून जवळपास पूर्वपदावर आलेलं. 'संभाव्य' शब्द त्यांनी तेव्हा खोडला नाही, पुढे 'उपचाराला उत्तम प्रतिसाद' एवढं जोडलं. मला ते योग्य वाटलं.

स्लाइड मी स्वतः पाहत राहिले, आता त्यांच्या पद्धतीने: दहा मिनिटांच्या आतली शीट, वरच्या थराचा थेंब, कंडेन्सर खाली, वीस फील्ड, म्हणजे स्लाइडवरच्या वीस वेगवेगळ्या जागा. हे यीस्ट शिटेतून सलग पडत नाही, दिवसाआड कमीजास्त होतं, म्हणून एकच स्लाइड कोरी आली तर ती धरायची नाही. 11 मार्च, 18 मार्च, 1 एप्रिल, तिन्ही कोऱ्या.

विकणाऱ्याला मी रिपोर्ट नेऊन दाखवला. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "मॅडम, माझे सगळे पक्षी खाऊन-पिऊन मजेत आहेत." मी त्याला काटा घ्यायला सांगितलं. बजी आणि कॉकटेलची पिल्लं अजून एकत्रच आहेत, मागच्या महिन्यात जाऊन पाहिलं. नवा पक्षी घरी आणला की महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा आणि ताज्या शिटेची स्लाइड करून घ्या. ज्या कुठल्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक आणि सलाइन आहे, तिथे हे होतं. काय शोधायचं ते माहीत असलेलं माणूस मात्र शेजारी हवं. सोबत पक्ष्यांच्या डॉक्टरांना व्हिडिओवर घेतलं तरी चालतं, नंतर आम्ही तसंच केलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा 43 वर होता, बाजरी पंख जरा फाकून कूलरसमोर बसायची. त्या आठवड्यातल्या स्लाइडवर वीस फील्डमध्ये एक काडी दिसली. मोजली. 3 मायक्रॉन. रात्री डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: वजन स्थिर आहे, दाणे पचतायत, औषध नको, काटा चालू ठेवा, चार ग्रॅम उतरले तर फोन करा.

आज सकाळी लेकीने वजन केलं. 92. वहीत तिच्या अक्षरात तेवढाच आकडा आहे, पुढे काही लिहिलेलं नाही.